मेंढा (लेखा): सामाईक जंगलात राहायचं, तिथेच काम करायचं तर काय करावं लागतं

शहरातल्या मित्रमंडळींच्या गप्पांत एक स्वप्न हमखास निघतं. चार-सहा कुटुंबांनी मिळून रान घ्यायचं, मातीची घरं बांधायची, स्वयंपाकघर सामाईक, थोडं लाकूडकाम, थोडा मध, थोडा बांबू, आणि नोकरीला रामराम. कुणीतरी जागेचे भावही काढून ठेवलेले असतात. मला या स्वप्नाची चेष्टा करायची नाही, मलाही ते पडतं. पण सामाईक जंगलात राहून त्याच जंगलावर पोट भरणारं गाव आपल्याच राज्यात आहे आणि त्याचा चाळीसेक वर्षांचा इतिहास नोंदलेला आहे, तर आधी ते प्रकरण नीट बघावं. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. शेजारी लेखा गाव, म्हणून कागदोपत्री आणि बोलण्यातही ‘मेंढा (लेखा)’.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेंढ्याचं जंगल टिकलं ते बैठकांमुळे आणि हिशेबाच्या वह्यांमुळे. झाडांवर माया होतीच, पण ती आसपासच्या गावांतही होती.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना रस्त्यालगतच हे गाव लागतं. शंभराच्या आसपास घरं, वस्ती गोंड आदिवासींची, जवळून कठाणी नदी वाहते. धानाची शेती पावसावर. गावाभोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल, त्यात मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा आणि भरपूर बांबू. घरामागे साधारण अठरा हेक्टर जंगल येतं. हे ऐकून शहरी माणसाचे डोळे चमकतात. पण १९८० च्या दशकापर्यंत त्या जंगलात या घरांचा अधिकार काय होता? जवळजवळ शून्य.

जमीनदारीच्या काळात निस्तार होता. म्हणजे जळण, घरासाठी लाकूड, कुंपणाला काट्या, गुरांना चराई असं घरगुती गरजेपुरतं घ्यायची मुभा. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारजमा झालं. निस्तार कागदावर राहिला, व्यवहारात मात्र वन खात्याच्या मर्जीवर आला. बांबू तर दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला दिलेला. कारखान्याचे मजूर येऊन दोन मीटरचे तुकडे पाडून बंडलं बांधून नेत. गावकऱ्याने घराच्या ताटीसाठी बांबू आणला तर मात्र तो चोर. ही विसंगती गावाला फार आधी कळली होती. ती बोलायला जागा नव्हती.

ती जागा कशी तयार झाली, हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे.

सुरुवात धरणांपासून झाली. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली असे दोन मोठे प्रकल्प येणार होते. त्यांत मोठं जंगल आणि शेकडो गावं बुडणार होती. १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्यात बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालशाम शाह महाराज होते आणि हजारो आदिवासी होते. प्रकल्प बारगळले. बऱ्याच आंदोलनांचं यशानंतर जे होतं ते इथेही होऊ शकलं असतं, म्हणजे फलक गुंडाळून सगळे आपापल्या घरी. मेंढ्यात तसं झालं नाही. गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली. मोहनभाऊ असं गाव शोधत होते जिथे निर्णय सगळे मिळून घेतात. मदत द्यायला येणारे पुष्कळ असतात, शिकायला येणारा विरळा. मला वाटतं, पुढचं बरंच काही या फरकावर ठरलं.

मग घोटुल. तरुण पोरापोरींनी एकत्र जमायची, शिकायची गोंडांची जुनी जागा. मेंढ्यात ती बंद पडली होती. गावाने ती पुन्हा बांधायची ठरवली. प्रथेप्रमाणे त्याला सागाचं लाकूड लागतं. वन खात्याने बेकायदा तोड म्हणून बांधलेला घोटुल पाडून टाकला. आसपासची गावं चिडली, सभा झाल्या, आणि घोटुल पुन्हा उभा राहिला. इथून एक घोषणा रुजली. ती आता महाराष्ट्रभर ऐकू येते: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत ‘मावा नाटे मावा राज’.

दोन वेगळ्या बैठका

घोषणा कुणालाही देता येते. मेंढ्याने तिच्यामागे एक कार्यपद्धती बसवली आणि ती पुन्हा पुन्हा वापरून घट्ट केली.

गावात दोन प्रकारच्या बैठका होतात. एक अभ्यास गट. ज्याला विषयात रस आहे त्याने यावं, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायद्याचं कलम वाचावं, वाद घालावा. तिथे निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा. तिथे निर्णय होतो, आणि तो सर्वसहमतीने. मतदान नाही. एका माणसाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष यावा अशी अपेक्षा. बाहेरचा माणूस ग्रामसभेत मत देऊ शकत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

ही विभागणी वरवर साधी दिसते, पण तिच्यामुळे दोन गोष्टी सुटतात. अभ्यास गटात निर्णय नसल्यामुळे माणसं मोकळेपणाने चुकीचं बोलू शकतात. आणि ग्रामसभेत येईपर्यंत विषय इतका चघळून झालेला असतो की कुणाला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही. आपल्या सोसायटीच्या सभेत नेमकं उलटं चालतं. विषय पहिल्यांदा कळतो तो हात वर करायच्या क्षणी. मग पुढची पाच वर्षं भांडणं.

सर्वसहमतीचं कौतुक करणारे तिची किंमत सांगत नाहीत. ती भयंकर वेळखाऊ आहे. दारूचा निर्णय मेंढ्यात एका बैठकीत झाला नाही. गोंडांच्या देवकार्यात मोहाची दारू लागते. ती पूर्ण बंद कशी करायची? बायका एका बाजूला, परंपरा दुसऱ्या बाजूला, आणि मधे पिणारे. चर्चा लांबत गेली आणि शेवटी तोडगा निघाला: देवाला लागते तेवढी चालेल, विकणं आणि पिऊन धिंगाणा बंद. मतदान घेतलं असतं तर निकाल तासाभरात लागला असता. महिनाभरात तो मोडलाही असता.

जंगलाचे नियमही याच रस्त्याने आले. फळझाडं तोडायची नाहीत. वणवा लागला की सगळ्यांनी धावायचं. घरच्या गरजेला लागेल तेवढंच आणि ग्रामसभेला विचारून. मधाचं उदाहरण मला विशेष आवडतं. आग्या मोहोळाचं पोळं जाळून मध काढायची जुनी रीत, त्यात माश्या मरतात आणि पोळंही जातं. अभ्यास गटात यावर काम झालं. पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापायचा, पिलांचा भाग झाडावर तसाच ठेवायचा, अंगभर संरक्षक कपडे घालायचे, अशी पद्धत शिकून घेतली गेली. माश्या त्याच पोळ्यावर राहतात, पुन्हा मध भरतात. खात्याच्या परिपत्रकातून हे आलं असतं तर कुणी ऐकलं असतं, असं मला वाटत नाही.

१९९२ मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासन निर्णय काढला. तो होता विरळ, उजाड जंगलांसाठी. मेंढ्याचं जंगल चांगलं दाट, म्हणून खात्याने आधी नकार दिला. ज्यांनी जंगल राखलं त्यांनाच योजनेतून वगळायचं, हा तर्क सरकारी खाक्याला शोभणारा होता. गावाने पिच्छा पुरवला आणि पुढे मेंढ्याचा समावेश झाला. पण त्यात खातं मालक आणि गाव राखणदार हे नातं तसंच राहिलं, म्हणून यावर मी थांबत नाही.

बांबू हे झाड की गवत

खरा बदल २००६ च्या वनहक्क कायद्याने झाला. त्याने पहिल्यांदा सामूहिक वनहक्क कायद्याच्या भाषेत मान्य केला. गाव जे जंगल पिढ्यान्‌पिढ्या राखत आलं, त्याचं संरक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेला. कायद्याने गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, व्याख्येत बांबूचं नावही स्पष्ट घातलं. २००९ मध्ये मेंढा आणि जिल्ह्यातल्याच मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असे दावे मंजूर झालेल्या पहिल्या गावांत ही दोन.

पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला म्हणून बांबू विकता येतो असं नाही. इथे आपल्याकडच्या कारभाराची गंमत आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू झाडात मोडायचा. वनस्पतिशास्त्रात तो गवत. वनहक्क कायद्यात गौण वनोपज. खात्याने १९२७ धरून ठेवला आणि वाहतूक परवाना देणार नाही म्हटलं. हा परवाना, म्हणजे रोजच्या बोलीतली ‘टीपी’, हीच खरी किल्ली. गावाने बांबू तोडला, ट्रक भरला, तरी नाक्यावर टीपी नसेल तर माल जप्त. मालकी तुमची आणि रस्ता खात्याचा. व्यापारी असा माल घेईल कशाला?

मेंढ्याने चोरून विकायचा मार्ग धरला नाही आणि दावाही सोडला नाही. पत्रं गेली, सभा झाल्या, प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज आहे, असं वन खात्यांना सांगायला कळवलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून परवान्यावर सही गावाची. त्या पुस्तकाचं मोल कुठल्याही अनुदानापेक्षा जास्त आहे, हे मी जरा जोर देऊन सांगतो. अनुदान खर्चून संपतं. सही गावाकडेच राहते.

आता ‘काम’ म्हणजे काय ते बघू, कारण जंगलात काम करायचं स्वप्न पाहणारे हा भाग नेहमी गाळतात.

इथला मुख्य बांबू मानवेल. तो बेटाने वाढतो, त्या बेटाला इकडे रांझी म्हणतात. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात, त्यांची भाजी होते, ते वास्ते. त्या काळात तोड बंद, कारण कोवळा कोंब पायाखाली गेला की पुढचा बांबू गेला. पाऊस सरला, दिवाळी झाली की तोड सुरू. रांझीत हात घालणं सोपं नाही. वाकडे, वाळलेले, एकमेकांत अडकलेले बांबू आधी मोकळे करावे लागतात. या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा बांबू सोडायचा, पिकलेला तेवढा घ्यायचा. पिकलेला कोणता, हे रंगावरून आणि पेरावरच्या सालीवरून ओळखायला नजर लागते. घाव जमिनीजवळ आणि पेराच्या लगेच वर. पेर सोडून मधेच तोडलं तर खुंटाच्या नळीत पाणी साचतं आणि रांझी सडते. उंच खुंट ठेवला तर तळाचा जाड, वजनदार भाग फुकट जातो. रोज मोजणी, हजेरी, वहीत नोंद. हातांना कुसळं, खांद्याला वळ. एकदा तोडलेल्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, तीन-चार वर्षं परतायचं नाही. म्हणजे जंगलाचे तुकडे पाडून फिरती तोड ठरवायची आणि दर वर्षी जास्त तोडायचा मोह टाळायचा.

कागद कारखान्याला बंडल चालतं, त्याला बांबू लांब असला काय अन् तुकडा असला काय सारखंच. गावाने लांब बांबू बाजारात आणला तर भाव वेगळाच मिळतो. पहिल्याच मोठ्या हंगामात ग्रामसभेची उलाढाल कोटीच्या घरात गेली. आतापर्यंत गाव गरीब होतं, तेव्हा एकी सोपी होती. पैसा आल्यावर काय झालं, ही कोणत्याही सामाईक व्यवस्थेची खरी परीक्षा.

मेंढ्याने आधीपासून ग्रामकोष ठेवला होता. गावात ग्रामसभेमार्फत होणाऱ्या कामाच्या मजुरीतले दहा टक्के त्यात जायचे. सवय आधी लागली आणि रक्कम नंतर आली, हा क्रम महत्त्वाचा. बँक खातं, पॅन कार्ड, निविदा, पावत्या, लेखापरीक्षण हे सगळं ग्रामसभेच्या नावाने.  रोजगार हमीची कामंही ग्रामसभेने स्वतः घेतली. उन्हाळ्यात धान नसतं तेव्हा बांध, तळी, रोपं. थोडक्यात, हे गाव जंगलात राहतं आणि बरंचसं कार्यालयही चालवतं. ज्यांना शहरातल्या फायलींपासून पळून जंगलात जायचंय, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मेंढ्याचं उत्तर हेच एकमेव उत्तर आहे असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्याला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पान चांगलं यावं म्हणून झुडपं छाटली जातात, आग लावली जाते. मग तेंदूचं फळ धरत नाही, आणि शेवटी ते पान जातं विडीत. नगद पैसा देणारं पीक असं सोडून देणं या भागात सोपं नव्हतं. बांबूच्या हंगामाने ती भर निघाली. जंगलाचा एक भाग त्यांनी देवराईसारखा तोडीविना ठेवला. पूर्वी मजुरीसाठी बाहेर जाणारी पोरं गावात थांबू लागली. दुसरीकडे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करून चांगला पैसा मिळवला, काहींचा ठेकेदाराकडे अडकलाही. गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. त्या सगळ्या मेंढा नाहीत. पट्टा मिळाला आणि बैठक बसली नाही, अशी गावंही पुष्कळ.

आता आपल्या शहरी मित्राचा प्रश्न: मला तिथे जाऊन राहता येईल का? अभ्यास गटात बसायला येईल, पाहुणा म्हणून. हक्कदार म्हणून नाही. वनहक्क वारसाने मिळतो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासी नसलेल्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. आणि हे योग्यच आहे. नाहीतर मेंढ्याच्या रस्त्यालगत एव्हाना रिसॉर्टचे फलक लागले असते.

खासगी जमीन घेऊन गट करणाऱ्यांसाठी मेंढ्यातून उचलण्याजोगं काही असेल तर ते जमीन घेण्याआधीच्या काळात आहे. त्या गटाने वर्षभर महिन्यातून दोनदा, मतदान न करता, एखाद्या क्षुल्लक विषयावर एकमत करून दाखवावं. पाहुण्यांना किती दिवस राहू द्यायचं, असा विषयही चालेल. सातबाऱ्यावर नावं चढवणं त्यानंतर.

मेंढ्याचं प्रकरण अजून चालू आहे. २०१३ मध्ये गावाने एक पाऊल आणखी टाकलं. महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ खाली शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे द्यायची. जमीन कसणाऱ्याकडेच राहते, मुलाबाळांकडे जाते, पण गावाबाहेर विकता येत नाही. विनोबांच्या चळवळीतला हा कायदा जवळजवळ विसरला गेला होता. कागदपत्रं पूर्ण असूनही पुढची शासकीय प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडली. गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं, मग चाकं हलली.

ग्रामदानाच्या या निर्णयाबद्दल मला कौतुक आहे आणि थोडी धाकधूकही. मानवेलाला कित्येक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. तो आला की रांझ्या एकगठ्ठा वाळतात आणि नवं बी रुजून तोडणीला यायला बरीच वर्षं जातात. त्या काळात ग्रामकोषाची आवक कुठून यायची? शिकून गडचिरोलीत, नागपुरात नोकरीला लागलेली पोरं ग्रामसभेला येतात का, आणि त्यांच्या गैरहजेरीत ‘सर्वसहमती’ कुणाची मोजायची? सातबारा ग्रामसभेच्या नावावर असलेल्या शेतकऱ्याला पीककर्ज देताना बँकेचा साहेब काय विचारतो? हे विषय अभ्यास गटातच सुटायचे, आणि त्याला जो वेळ लागेल तो लागेल.